‘वांझ’ म्हणण्याआधी : विषाणू, गाय आणि कारणाचा शोध



गेल्या दोन व्याख्यानांत आपण ‘कारण’ या संकल्पनेची तात्त्विक बाजू पाहिली. माती, चाक, कुंभार आणि घडा ही नेहमीची उदाहरणं घेऊन झाली. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी विचारलं, “सर, घड्याचं ठीक आहे. पण आमची गाय तीनदा भरवूनही उलटते. त्याचं कारण कसं शोधायचं?” प्रश्न बिनतोड होता. आजचं व्याख्यान त्या प्रश्नासाठी.

आम्ही पशुवैद्य नाही, हे आधीच सांगतो. आमचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. पण हा प्रश्न आमच्या घरातलाच आहे. आमच्या लहानपणी घरी ढवळी नावाची गाय होती. दोन वेतं नीट झाली. तिसऱ्या वेळी सहाव्या महिन्यात ती गाभडली आणि त्यानंतर चार वेळा वळूकडे नेऊनही गाभण राहिली नाही. घरात एक शब्द उच्चारला गेला – वांझ. पुढच्या बाजारी ती विकली गेली. आई दोन दिवस जेवली नाही. त्याच वर्षी शेजारच्या गोठ्यातल्या दोन गायी गाभडल्या. त्याही त्याच वळूकडे नेल्या जात. पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल, असं कुणाच्याही मनात आलं नाही. ‘वांझ’ म्हटल्यावर विचार करायचं काही उरलंच नव्हतं.

आज आपल्याला एवढंच पाहायचं आहे, की गाय गाभण न राहण्याचं कारण पुष्कळदा गायीच्या आजच्या शरीरात दिसत नाही. ते दोन महिन्यांपूर्वीच्या तापात असू शकतं, वळूच्या वीर्यात असू शकतं किंवा गोठ्यातल्या दुसऱ्याच एखाद्या वासरात असू शकतं. विषाणू हे याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आहे.

आधी थोडा हिशेब

गायीचं माजाचं चक्र साधारण २१ दिवसांचं आणि गाभणकाळ सुमारे २८० दिवसांचा. वर्षाला एक वासरू हवं असेल, तर ३६५ मधून २८० वजा करा. उरले ८५ दिवस. व्याल्यानंतर गर्भाशय पूर्ववत व्हायला त्यांतले ४५ ते ६० दिवस जातात. म्हणजे शेतकऱ्याच्या हातात खरं तर एखाद-दुसरा माज उरतो. तो हुकला की २१ दिवस गेले, पुन्हा हुकला की आणखी २१. या दिवसांत चारा, पेंड आणि राबणं चालूच असतं, फक्त पुढचं वेत लांबतं. दोन गायींवर घर चालवणाऱ्याला हा हिशेब तोंडपाठ असतो.

आता शरीरात काय काय जुळून यावं लागतं, ते बघा. बीजांडकोशातून बीजांड सुटतं. ते जिथून सुटलं, त्या जागी पीतपिंड तयार होतो. पीतपिंड प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक बनवतो आणि त्याच्या जोरावर गर्भाशय गर्भ सांभाळायला तयार होतं. गर्भ चार-पाच दिवसांनी गर्भाशयात उतरतो. सोळाव्या-सतराव्या दिवसाच्या सुमारास त्याला आईला एक निरोप द्यावा लागतो – ‘मी आहे, पीतपिंड मोडू नकोस.’ हा निरोप इंटरफेरॉन-टाऊ नावाच्या प्रथिनाचा असतो. गंमत अशी, की इंटरफेरॉन हे घराणं मुळात विषाणूंशी लढणाऱ्या प्रथिनांचं. गायीच्या गर्भाने तेच हत्यार आईशी बोलायला वापरलं आहे.

निरोप वेळेवर पोचला नाही, तर पीतपिंड विरतो आणि गाय पुन्हा माजावर येते. म्हणून दिवस मोजणं फार महत्त्वाचं. गाय बरोबर २१ दिवसांच्या आसपास उलटली, तर फलन झालंच नाही किंवा गर्भ फार लवकर मेला. ३०, ३५, ४० दिवसांनी उलटली, तर गर्भ राहिला होता आणि नंतर गेला, अशी शंका घ्यायला जागा आहे. (मधला एखादा माज आपल्या नजरेतून सुटला नसेल, तर.) कॅलेंडरवरची एक खूण इतकं सांगून जाते.

विषाणू कुठून आत शिरतो?

ढोबळ मानाने चार वाटा आहेत.

पहिली वाट तापाची. विषाणू प्रजननसंस्थेपर्यंत पोचलाच पाहिजे असं नाही. लाळ्या खुरकूत घ्या. तोंडात आणि खुरांत फोड येतात, जनावर खात नाही, अंग तापतं. तापाने कोवळा गर्भ मरू शकतो. खाणं तुटल्याने अंगातली शिल्लक संपते आणि माज थांबतो. पावसाळ्यात येणारा तिवा आपल्याला माहीत आहे. तीन दिवसांत जनावर उठतं, आपण सुटलो म्हणतो. पण पोट पुढे गेलेली गाय त्या तापात गाभडू शकते, आणि वळूचं वीर्य काही काळ निकामी होऊ शकतं.

दुसरी वाट बीजांडकोशाची आणि गर्भाशयाची. तिसरी थेट गर्भाची. चौथी वळूची. या तीन वाटा समजायला दोन विषाणूंची ओळख करून घेऊ.

दडून बसणारा : आयबीआर

या रोगाचं लांबलचक इंग्रजी नाव सोडा, पशुवैद्यही ‘आयबीआर’च म्हणतात. हा नागिणीच्या कुळातला, म्हणजे हर्पिस विषाणू. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत गायीच्या योनीवर आणि वळूच्या लिंगावर बारीक फोड आणणारा, मिलनातून पसरणारा रोग म्हणून तो लोकांना माहीत होता. १९५० च्या दशकात अमेरिकेत, जिथे हजारो गुरं एकत्र पोसली जात, तिथे नाक आणि घसा धरणारा रोग दिसला. पुढे कळलं, की हे दोन रोग नव्हेत. विषाणू एकच, वाट वेगळी. एका कारणाची दोन कार्यं इतकी निराळी दिसू शकतात, की दोन देशांतल्या जाणत्या माणसांना ते दोन रोग वाटावेत.

भरवण्याच्या सुमारास हा विषाणू आला, तर बीजांडकोशाला सूज येते आणि ताज्या पीतपिंडाच्या पेशी मरतात, हे प्रयोगांत दिसलं आहे. पीतपिंड गेला की गर्भ गेला. गाय बाहेरून ठणठणीत दिसते, फक्त उलटत राहते. गाभण गायीला लागण झाली, तर बहुधा चौथ्या महिन्यानंतर ती गाभडते. आणि हे लागणीनंतर लगेच होत नाही, काही आठवडे, कधी काही महिने जातात. तोवर ‘जरा नाक वाहत होतं’ हे घरात कुणाच्या लक्षातही राहिलेलं नसतं.

त्याहून कठीण गोष्ट पुढे आहे. गाय बरी झाली तरी विषाणू जात नाही. तो मज्जातंतूंच्या गाठींमध्ये झोपून राहतो – श्वासाच्या वाटेने आला असेल तर चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत, जननमार्गाने आला असेल तर माकडहाडाजवळच्या गाठींत. लांबचा प्रवास, विणं, दुसरा आजार किंवा स्टिरॉइडची इंजेक्शनं, असा ताण आला की जागा होतो आणि बाहेर पडू लागतो. म्हणजे बाजारातून आणलेली धडधाकट गाय आपल्या गोठ्यात रोग आणू शकते. फसवणूक कुणीच केलेली नसते. विकणाऱ्यालाही ते ठाऊक नसतं.

घरचाच झालेला परका : बीव्हीडी

दुसरा विषाणू बीव्हीडी, म्हणजे गुरांची विषाणूजन्य हगवण. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी १९४६ साली त्याचं वर्णन केलं. नाव हगवणीचं असलं, तरी मोठं नुकसान गर्भाशयात होतं. त्याचं गणित गर्भाच्या वयावर चालतं.

भरवण्याच्या सुमारास लागण झाली, तर गर्भधारणाच कमी होते. पहिल्या महिन्यांत झाली, तर गर्भ मरू शकतो. मधल्या महिन्यांत झाली, तर वासराच्या लहान मेंदूत किंवा डोळ्यांत व्यंग राहू शकतं. वासरू जन्मतःच धड उभं राहत नाही किंवा त्याला मोतीबिंदू असतो. शेवटच्या महिन्यांत झाली, तर गर्भ स्वतः प्रतिकार करतो आणि वासरू बहुधा चांगलं जन्मतं.

पण साधारण ४० ते १२० दिवसांच्या दरम्यान जे घडतं, ते आमच्यासारख्या तत्त्वज्ञानाच्या माणसाला थक्क करतं. त्या काळात गर्भाची प्रतिकारशक्ती ‘मी कोण आणि परका कोण’ हे शिकत असते. नेमका तेव्हा हा विषाणू आत असेल, तर शरीर त्याची नोंद ‘आपला’ म्हणून करून टाकतं. वासरू जगलं, तर आयुष्यभर विषाणू घेऊन जगतं आणि लाळेतून, शेणा-मुतातून, नाकातून तो रोज बाहेर टाकतं. कधी ते खुरटं राहतं, कधी अगदी छान दिसतं. आणि गोठ्यातल्या बाकीच्या गायी उलटत राहतात.

‘स्व’ आणि ‘पर’ यांची ही शिकवणी गर्भात होते, हे विज्ञानाला कळलं तेही गायींमुळेच. १९४५ साली रे ओवेन या शास्त्रज्ञाने दाखवलं, की गायीच्या जुळ्या वासरांच्या अंगात एकमेकांच्या रक्तपेशी सुखाने नांदतात, कारण गर्भात त्यांचं रक्त एकमेकांत मिसळलेलं असतं. त्या धाग्यावरून पुढे विचार करणाऱ्या बर्नेट आणि मेडावर यांना १९६० चं नोबेल मिळालं. (खोंडाबरोबर जुळी जन्मलेली कालवड बहुधा गाभण राहत नाही, हे शेतकऱ्यांना माहीत असतं. त्याचंही मूळ याच मिसळलेल्या रक्तात आहे.)

आता यातला तर्काचा सापळा पाहा. रोग झाला की नाही हे पाहायला आपण बहुधा रक्तातली प्रतिपिंडं तपासतो. पण या वासराच्या शरीराने विषाणूला शत्रू मानलेलंच नाही, म्हणून त्याविरुद्ध प्रतिपिंडंही केलेली नाहीत. म्हणजे गोठ्यातलं जे जनावर सर्वांत जास्त विषाणू पसरवतं, त्याचाच अहवाल ‘स्वच्छ’ येऊ शकतो! तिथे खुद्द विषाणू शोधणारी चाचणी लागते. स्वीडनने १९९३ मध्ये, स्वित्झर्लंडने २००८ मध्ये आणि जर्मनीने २०११ पासून सक्तीने या रोगाविरुद्ध मोहीम घेतली, तेव्हा मुख्य काम होतं अशी जनावरं हुडकून कळपाबाहेर काढणं. स्वित्झर्लंड-जर्मनीतल्या मोहिमांत तर वासराच्या कानात बिल्ला मारतानाच कातडीचा बारीक तुकडा निघायचा आणि तोच तपासायला जायचा.

वळू का विसरला जातो?

‘वांझ’ हा शब्द मराठीत मादीलाच लागतो, बाईला आणि गायीला. ही भाषेची सवय आहे, पण ती विचारालाही वाकवते. वळूचं वीर्य तयार होऊन बाहेर पडायच्या अवस्थेला यायला साधारण दोन ते अडीच महिने लागतात. म्हणजे आषाढात आलेल्या तापाचा परिणाम भाद्रपदातही दिसू शकतो. तेव्हा वळू मस्त हिंडत असतो आणि दोष गायींवर जातो.

आयबीआरचा विषाणू वीर्यातून जातो. बीव्हीडीत तर अशीही उदाहरणं सापडली आहेत, की वळूचं रक्त निर्मळ, पण वृषणात विषाणू घर करून बसलेला. आणि आपण वीर्य द्रव नायट्रोजनमध्ये गोठवतो ते शुक्राणू टिकावेत म्हणून. पण त्या थंडीत विषाणूही टिकतो. म्हणूनच गोठित वीर्य तयार करणाऱ्या केंद्रांना वळूंची या रोगांसाठी वारंवार तपासणी करावी लागते. गावातल्या मोकाट वळूची तपासणी कोण करतं? कृत्रिम रेतनाचा हा फायदा आपण विसरतो. चांगल्या केंद्राच्या रेतमात्रेमागे तपासणीचा कागद असतो.

लम्पीने शिकवलेलं

२०२२ चा पावसाळा आपण विसरलेलो नाही. लम्पी चर्मरोग १९२९ मध्ये आफ्रिकेत, आजच्या झांबियात, प्रथम नोंदला गेला. भारतात २०१९ मध्ये ओडिशात दिसला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यातून त्याची बातमी आली आणि पुढे तो राज्यभर पसरला. गुरांचे बाजार बंद झाले. शेळ्यांच्या देवीची लस गायींना टोचली गेली, कारण दोन्ही विषाणू जवळचे भाऊबंद आहेत. डास, माश्या, गोचीड यांच्यामार्फत हा रोग पसरतो.

अंगावरच्या गाठी सगळ्यांनी पाहिल्या. पण गाठी बसल्यावर काय झालं, याकडे कमी लोकांनी पाहिलं. या रोगात गाभण गायी गाभडतात, बऱ्या झालेल्या काही गायी महिनोन् महिने माजावर येत नाहीत, वळूच्या वृषणांना सूज येते आणि वीर्यातूनही विषाणू बाहेर पडतो. मेलेल्या जनावरांची गणती झाली, भरपाई मिळाली. न जन्मलेल्या वासरांची गणती कुणी करायची? ते नुकसान ‘गाय बिघडली’ या दोन शब्दांत जिरून गेलं.

कारण कसं ठरवायचं?

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, ही म्हण आपण दुसऱ्यांना ऐकवतो आणि गोठ्यात विसरतो. ‘अमक्याने रेतन केलं, तेव्हापासून गाय बिघडली.’ ‘नवी सून आली आणि गाय गाभडली.’ हेही आम्ही ऐकलं आहे!

आपल्या नैयायिकांनी यावर उत्तम कसोटी दिली आहे. कारण म्हणजे कार्याच्या आधी नियमाने असणारी गोष्ट, पण ती ‘अन्यथासिद्ध’ नसावी, म्हणजे तिच्यावाचूनही काम झालं असतं अशी नसावी. कुंभाराचं गाढव माती वाहून आणतं, घड्याच्या आधी ते तिथे असतं, पण घड्याचं ते कारण नव्हे. माती डोक्यावरून आणली असती तरी घडा झालाच असता. गोठ्यात अशी गाढवं पुष्कळ असतात. त्यांना बाजूला सारायचं, तर अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही पाहावे लागतात – जिथे ही गोष्ट होती तिथे गाय उलटली का, आणि जिथे नव्हती तिथे उलटली नाही का? एकाच गायीकडे बघून हे कधीच कळत नाही. कळप पाहावा लागतो, शेजार पाहावा लागतो, मागचे महिने पाहावे लागतात.

आणि इथे आम्ही एक सावधगिरीही सांगतो. आज विषाणूंवर बोललो, म्हणून प्रत्येक उलटणाऱ्या गायीला विषाणू चिकटवू नका. माज ओळखायला झालेला उशीर, अपुरा खुराक, क्षार-मिश्रणाचा अभाव, व्याल्यानंतर वार अडकून झालेला जिवाणूंचा संसर्ग ही रोजची कारणं आहेत. ती आधी तपासायची. एकाच गोठ्यात किंवा एकाच गावात अनेक गायी उलटू लागल्या, गाभडू लागल्या, तर मात्र संसर्गाचा विचार करायचाच.

मग करायचं काय? पाच गोष्टी आहेत.

एक, नोंद. गायीच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर १२ अंकी क्रमांक असतो. वहीत तो लिहा आणि पुढे माजाची तारीख, रेतनाची तारीख, रेतमात्रेवरचा वळूचा क्रमांक, ताप आणि लस लिहा.

दोन, गाभडलेला गर्भ आणि वार उघड्या हाताने उचलू नका. गाभडण्याचं एक मोठं कारण ब्रुसेला हा जिवाणू आहे आणि तो माणसाला होतो. हातमोजे घाला, घरातल्या गरोदर बाईला तिथे जाऊ देऊ नका, दूध उकळूनच प्या.

तीन, पुरण्याआधी पशुवैद्यांना बोलवा. गर्भाचा, वारेचा आणि गायीच्या रक्ताचा नमुना बर्फात ठेवून प्रयोगशाळेत गेला, तरच कारण कळेल. नमुने घेऊन झाल्यावर चुना टाकून खोल पुरा. गाभडलेली गाय इतरांपासून वेगळी बांधा.

चार, नवं जनावर आणलं की तीन-चार आठवडे वेगळं ठेवा आणि जमेल तर आधी तपासून घ्या.

पाच, लस वेळेवर. गाय भरवण्याच्या आधी प्रतिकारशक्ती तयार असणं, हेच खरं संरक्षण.

एक प्रश्न

समोरून एका ताईंनी विचारलं आहे, “लस टोचल्यावर आठ दिवसांत आमची गाय गाभडली. मग लसच दोषी नाही का?”

ताई, प्रश्न रास्त आहे, हसण्यावारी नेण्यासारखा नाही. काही जिवंत लसी गाभण जनावराला देऊ नयेत असं खुद्द त्या लसींच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं. म्हणून कोणती लस, कितव्या महिन्यात, हे पशुवैद्यांना विचारूनच ठरवावं. पण त्याच दिवशी गावात किती गाभण गायींना तीच लस दिली आणि त्यांतल्या किती गाभडल्या, हेही विचारा. एकटी तुमचीच असेल, तर आधीचे दोन-तीन महिने तपासा. त्या वेळी तिला ताप होता का, नवं जनावर आलं होतं का? उत्तर वहीत असेल. वही नसेल, तर आजपासून घाला.

आमच्या ढवळीला काय झालं होतं, ते आता कधीच कळणार नाही. विषाणू असेल, ब्रुसेला असेल, आणखी काही असेल. तेव्हा प्रयोगशाळा दूर होती, हे खरं. पण शेजारच्या दोन गायी दूर नव्हत्या, आणि वळूही नव्हता. त्यांच्याकडे बघायला पैसे लागत नव्हते. आम्ही बघितलं नाही, कारण आमच्याकडे शब्द तयार होता.

पुढच्या वेळी गोठ्यात तो शब्द तोंडावर आला, तर क्षणभर थांबा आणि त्याऐवजी विचारा, ‘हिला कधी, कुठून, कशामुळे?’ एवढं केलंत, तरी आजचं व्याख्यान कामी आलं असं आम्ही समजू.